पंधरावी दुरुस्ती रद्द झाली नाही, मग दक्षिणेतलं कृष्णवर्णीयांचं मत गेलं कुठे?

पारंबी (प्रश्न)

अमेरिकेतल्या यादवीनंतरचं बारा वर्षांचं रिकन्स्ट्रक्शन (पुनर्रचना) पर्व वाचतोय आणि एक गाठ सुटत नाहीये. सनावळ्या पाठ आहेत. तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी गेली (डिसेंबर १८६५), चौदाव्या दुरुस्तीनं नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण आलं (जुलै १८६८), पंधराव्या दुरुस्तीनं मताच्या आड वर्ण यायला नको असं म्हटलं (फेब्रुवारी १८७०). यांतली एकही पुढे कुणी रद्द केली नाही. तरी लुइझियानाच्या यादीत १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार आहेत आणि १९०४ साली १,३४२!

कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची दहशती संघटना, जाळपोळ, खून हे ठाऊक आहे. मला कागदावरची बाजू हवी आहे. पाणी नेमकं कुठे मुरलं? पंधरावी दुरुस्ती ‘प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत’ असं सरळ का म्हणत नाही? मुक्त झालेल्या गुलामांना मिळायच्या ‘चाळीस एकर’ जमिनीचं काय झालं? आणि १८७७ मध्ये सैन्य काढलं आणि सगळं संपलं, हे जे सगळीकडे छापलेलं असतं ते कितपत खरं?

दप्तरदार

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

पंधरावी दुरुस्ती मत देत नाही. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मत नाकारता येणार नाही, एवढंच ती सांगते. दुसरं कुठलंही कारण काढा आणि नाकारा, तिची हरकत नाही. आणि ही नजरचूक नव्हती. फेब्रुवारी १८६९ मध्ये सिनेटनं हेन्री विल्सन यांचा मसुदा मंजूर केला होता. त्यात जन्मस्थान, मालमत्ता, शिक्षण आणि धर्म यांवरूनही मत अडवायला मनाई होती. तो मागे पडला तो उत्तरेमुळे. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट यांनी आयरिश मजुरांना रोखायला साक्षरतेची अट आधीच घातलेली होती. ऱ्होड आयलंडमध्ये परदेशात जन्मलेल्यांना मालमत्तेची अट होती. कॅलिफोर्नियाला चिनी लोक यादीत नको होते. दुरुस्तीला तीन-चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागते, तेव्हा एवढ्यांना दुखावून आकडा जमणं अवघड. दोन्ही सभागृहांच्या समितीत छाटाछाट होऊन तीन कारणं उरली. वीस वर्षांनी मिसिसिपीनं जे केलं ते ही छाटलेली यादी पुढ्यात ठेवून केल्यासारखं आहे.

चौदाव्या दुरुस्तीचं दुसरं कलम लोक वाचतच नाहीत. खरं राजकारण तिथे आहे. गुलामगिरी होती तोवर प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब होता. ती गेल्यावर पाचाचे पाच मोजले जाणार. म्हणजे युद्ध हरलेल्या राज्यांच्या जागा उलट वाढणार आणि मतदान मात्र फक्त गोरे करणार. म्हणून दुसऱ्या कलमात तोडगा घातला: २१ वर्षांवरच्या पुरुष नागरिकांना मत नाकाराल तर त्या प्रमाणात तुमच्या जागा कापू. ‘पुरुष’ हा शब्द राज्यघटनेत पहिल्यांदा आला तो इथे, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन व सुझन अँथनी यांचं जुन्या गुलामीविरोधी सहकाऱ्यांशी फाटलं त्यात या शब्दाचा मोठा वाटा. गंमत म्हणजे ही जागा कापायची शिक्षा आजतागायत एकाही राज्याला झालेली नाही.

दक्षिणेतल्या दहा राज्यांनी चौदावी फेटाळल्यावर काँग्रेसनं (अमेरिकी संसदेनं) २ मार्च १८६७ ला रिकन्स्ट्रक्शन कायदा केला. पाच लष्करी विभाग, प्रत्येकावर एक जनरल. अटी अशा: कृष्णवर्णीयांसह सर्व प्रौढ पुरुषांनी निवडलेल्या सभेनं नवी राज्यघटना करायची, त्यात तोच मताधिकार ठेवायचा, मतदारांकडून ती संमत करून घ्यायची, चौदावीला मान्यता द्यायची, मग वॉशिंग्टनमध्ये दारं उघडणार. टेनेसी यातून सुटलं, कारण त्यानं १८६६ च्या जुलैतच मान्यता देऊन टाकली होती.

यातही एक भोक राहिलं. २३ मार्चच्या पूरक कायद्यात अट होती की नव्या राज्यघटनेवरच्या मतदानात नोंदलेल्या मतदारांपैकी किमान निम्मे लोक उतरले पाहिजेत. अलाबामात गोऱ्यांनी आवर्जून नावं नोंदवली आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये मतदानाला गेलेच नाहीत. राज्यघटना पडली! मग ११ मार्च १८६८ ला चौथा कायदा करून ‘पडलेल्या मतांचं बहुमत’ असा बदल करावा लागला. या सगळ्या काळाची हीच चाल आहे: कायदा, पळवाट, पळवाट बुजवणारा कायदा. १८७१ पर्यंत बुजवणारे हात तयार होते.

कलमकसाई

वरच्या प्रतिसादात न्यायालये आलेली नाहीत. पाणी सर्वांत जास्त तिथे मुरले.

१८७० आणि १८७१ चे अंमलबजावणी कायदे चांगले कडक होते. ॲटर्नी जनरल एकरमन यांनी ते वापरलेही. ऑक्टोबर १८७१ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क) स्थगित करून धरपकड झाली आणि तिथल्या क्लॅनचा कणा मोडला. यावरून दिसते की इच्छा असेल तर काम होत होते.

मग १८७३. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे निवडणुकीच्या वादातून न्यायालयाची इमारत पेटवून देण्यात आली आणि शरण आलेल्या कृष्णवर्णीयांनाही गोळ्या घातल्या गेल्या. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने स्लॉटरहाउस खटल्याचा निकाल दिला. हा खटला न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्या खाटकांचा. गुलामीशी संबंध शून्य. परंतु ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालय म्हणाले की चौदाव्या दुरुस्तीतील ‘अमेरिकेच्या नागरिकांचे विशेषाधिकार’ म्हणजे मोजकेच संघराज्यीय हक्क, उदाहरणार्थ राजधानीपर्यंत जाता येणे किंवा परदेशात संरक्षण मिळणे. बाकी नागरी हक्क राज्यांच्या हवाली. दुरुस्तीचे एक अख्खे वाक्य असे निकामी झाले.

कोलफॅक्सचे आरोपपत्र नव्वदहून अधिक जणांवर होते. दोषी ठरले तीन. तेही २७ मार्च १८७६ च्या क्रुकशँक निकालाने सुटले. कारणे वाचण्यासारखी आहेत. सभा भरवण्याचा आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क फक्त संघराज्य सरकारला बांधतो, म्हणून खाजगी माणसांनी तो हिरावला तर संघराज्याचा गुन्हा नाही. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, शेजाऱ्याला नाही. आणि मताच्या आरोपात ‘वर्णामुळे’ असे स्पष्ट लिहिलेले नाही. खून झाला का, याचा विचारच नाही. खून हा राज्याचा विषय, आणि राज्यातील ज्यूरी कोणाची असणार हे सांगायला नको.

त्याच दिवशी रीस खटला. केंटकीतील लेक्झिंग्टनच्या निवडणूक निरीक्षकांनी एका कृष्णवर्णीयाचे मत घेतले नव्हते. १८७० च्या कायद्याच्या दोन कलमांत ‘वर्णावरून’ हे शब्द पुन्हा लिहायचे राहिले होते, म्हणून ती कलमे प्रमाणाबाहेर व्यापक ठरवून रद्द. मसुदा करणाऱ्यांनी एक शब्दसमूह पुन्हा लिहिण्याचा कंटाळा केला आणि तेवढ्यावर निकाल लागला.

राहिला १८७५ चा नागरी हक्क कायदा: खानावळ, रेल्वे, नाटकगृहात मज्जाव केल्यास बाधित व्यक्तीला ५०० डॉलर. १८८३ मध्ये तो ८ विरुद्ध १ असा पडला; एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात. तर्क तोच, खाजगी मालकाचे कृत्य हे राज्याचे कृत्य नव्हे. एकत्र ऐकलेल्या त्या पाच प्रकरणांत न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोची नाटकगृहे होती, हे ‘सगळा दोष दक्षिणेचा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पारंबी

दोघांचेही आभार. म्हणजे १८७६ पर्यंत केंद्राचे हात बांधले गेले. पण १८९६ मध्ये लुइझियानात लाखावर नावं आहेतच की. मधल्या वीस वर्षांत मतदान केंद्रावर काय चालायचं?

अडकित्ता

हा माझा आवडता भाग. आवडता म्हणजे, तुम्हाला कळलं काय म्हणायचंय ते.

आधी एक ध्यानात घ्या: तेव्हा सरकारी मतपत्रिका नव्हती. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापायचे, मतदार ती घडी घालून पेटीत टाकायचा. निरक्षर माणसाला चिठ्ठीचा रंग आणि चित्र पाहून पक्ष कळायचा. तेव्हा नुकतेच मुक्त झालेले बहुसंख्य मतदार निरक्षर, कारण गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं अनेक राज्यांत गुन्हाच होता. रंगीत चिठ्ठीमुळे त्यांचं अडत नव्हतं. सगळे डावपेच या चिठ्ठीभोवती फिरतात.

साउथ कॅरोलिना, १८७८. डेमोक्रॅट पक्षानं (तेव्हाचा दक्षिणी गोऱ्यांचा पक्ष; कृष्णवर्णीयांचा रिपब्लिकन) टिश्यूसारख्या पातळ कागदावर छोट्या चिठ्ठ्या छापल्या. एका नेहमीच्या चिठ्ठीच्या घडीत अशा अनेक मावायच्या. पेटीत टाकताना किंवा नंतर पेटी हलवताना त्या सुट्या व्हायच्या. मोजणीला मतदारांपेक्षा चिठ्ठ्या जास्त निघायच्या. कायदा काय सांगतो? जादा चिठ्ठ्या न बघता हात घालून काढा आणि नष्ट करा. काढणारा अधिकारी डेमोक्रॅट. बोटांना जाड कागद लागला की तो बाहेर, पातळ लागला की आत. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी काय फरक पडतो!

१८८२ मध्ये त्याच राज्यानं हे अधिकृत करून टाकलं: आठ पेट्यांचा कायदा. प्रत्येक पदाची वेगळी पेटी, वर पदाचं नाव. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की बाद. मतदारानं विचारलं तर अधिकारी नावं वाचून दाखवणार, इतर कुणी मतदाराशी बोलायचं नाही. त्यातून कुणी बाहेर क्रम पाठ करून आला तर पेट्यांच्या जागा बदलून ठेवायच्या. कागदावर ही साक्षरतेची चाचणी नाहीच. वर्णाचा तर उल्लेखही नाही. सोबत नोंदणीची अटही बदलली: घर बदललं की दाखला नव्यानं काढा. अर्ध्या वाट्यानं शेती करणारी कुटुंबं दर जानेवारीला मळा बदलायची, म्हणजे अट कुणासाठी बेतली होती ते उघड आहे.

तरी हे सगळं दर निवडणुकीला नव्यानं करावं लागायचं. ते कायमचं बांधून टाकलं मिसिसिपीनं, १८९० च्या राज्यघटनेत. त्याचे सुटे भाग असे: राज्यात दोन वर्षं आणि मतदान विभागात एक वर्ष वास्तव्य, वर्षाला दोन डॉलर पोल टॅक्स (डोईपट्टी, भरली तरच मत), मागच्या दोन वर्षांचे सगळे कर निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीच्या आत भरल्याचा पुरावा. निवडणूक नोव्हेंबरात, पावती फेब्रुवारीची! कापूस विकून हातात रोकड येते ती शरद ऋतूत, आणि पत्र्याच्या डब्यात पावती नऊ महिने सांभाळायची. हरवली की गेलं मत. कर वसूल करण्यात राज्याला रस नव्हताच.

मग गुन्ह्यांची यादी. चोरी, घरफोडी, जाळपोळ, खोटी साक्ष, दोन लग्नं यांनी मत जातं. खून आणि दरोडा यादीत नाहीत. कृष्णवर्णीयांच्या माथी कुठले गुन्हे मारले जातात याचा अंदाज घेऊनच ती केली होती, आणि १८९६ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकालपत्रात हे जवळपास कबूलच केलं. शेवटी ‘समज’ कलम: राज्यघटनेचा कुठलाही भाग वाचा, किंवा वाचून दाखवल्यावर अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे नोंदणी कारकून ठरवणार. निरक्षर गोऱ्यासाठी सोपं कलम निवडायचं, दुसऱ्यासाठी कायद्याच्या पदवीधरालाही फोडता येणार नाही असं.

आणि हे बेधडक होतं. मिसिसिपीला १८७० मध्ये परत घेताना काँग्रेसनं कायद्यातच लिहिलं होतं की ज्यांना आता मत आहे त्यांचं ते काढून घेईल असा बदल राज्यघटनेत कधीही करायचा नाही. कुणी विचारलं नाही. नवी राज्यघटना जनतेच्या मतालाही टाकली नाही. १८९८ मध्ये विल्यम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती एकमतानं चालवून घेतली: शब्दांत वर्ण नाही, मग भेदभाव कसा?

तुमच्या लुइझियानाचं उत्तर त्याच वर्षी. साक्षरता किंवा ३०० डॉलरची मालमत्ता, आणि गरीब गोऱ्यांसाठी मागचं दार: १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी तुम्हाला, तुमच्या बापाला किंवा आज्याला मत असेल तर दोन्ही अटी माफ. रिकन्स्ट्रक्शन कायदा मार्च १८६७ चा. तारीख दोन महिने आधीची का, ते तुम्हीच ओळखा. ही ‘आजोबा’ पळवाट १९१५ मध्ये रद्द झाली, तीही ओक्लाहोमाच्या खटल्यात. तोवर यादी १,३४२ वर येऊन कैक वर्षं झाली होती.

काळीमाती

जमिनीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांचा १६ जानेवारी १८६५ चा आदेश क्रमांक १५. चार्ल्स्टनपासून दक्षिणेची बेटं, नद्यांकाठची सोडून दिलेली भातखाचरं किनाऱ्यापासून ३० मैल आतपर्यंत, खाली फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंत. कुटुंबामागे जास्तीत जास्त ४० एकर. ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ म्हणतात, पण आदेशात खेचर नाही. सैन्याची जादा झालेली जनावरं काहींना मिळाली त्यातून ती म्हण आली. सुमारे ४०,००० लोक ४ लाख एकरांवर बसले. पण हातात पडला तो फक्त वहिवाटीचा कागद. मालकीचा निकाल काँग्रेस नंतर लावणार होती.

त्याआधीच लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे १८६५ च्या माफीच्या जाहीरनाम्यात बंडखोरांना गुलाम सोडून बाकी मालमत्ता परत दिली. फ्रीडमेन्स ब्यूरोचे (मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे) प्रमुख जनरल हॉवर्ड यांनी जुलैत परिपत्रक काढून जमिनी राखायचा प्रयत्न केला. सप्टेंबरात अध्यक्षांनी ते फिरवायला लावलं. ऑक्टोबरात हॉवर्ड यांना स्वतः एडिस्टो बेटावर जाऊन लोकांना सांगावं लागलं की जमीन सोडा किंवा जुन्या मालकाशी करार करा.

मग जून १८६६ चा सदर्न होमस्टेड कायदा. पाच राज्यांत ४.६ कोटी एकर सरकारी जमीन. ऐकायला झकास. पण बरीचशी दलदल आणि पाइनची जंगलं. बैल, औजारं, पहिलं पीक येईपर्यंतचं धान्य यांची काही सोय नाही. आणि घोडं पेंड खातं ते इथे: मुक्त झालेल्यांना प्राधान्य १ जानेवारी १८६७ पर्यंतच. आमच्याकडच्या सालगड्यासारखे त्यांचे मजुरीचे करार वर्षाचे, जानेवारी ते डिसेंबर. मधेच सोडलं तर मजुरी बुडते, वर अटकेची धास्ती. करार संपून मोकळे झाले तेव्हा खिडकी बंद.

दुसऱ्या बाजूनं मिसिसिपीचा १८६५ चा ‘ब्लॅक कोड’: शहराबाहेर कृष्णवर्णीयानं जमीन खंडानं घ्यायची नाही, दर जानेवारीला कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नसेल तर भटक्या ठरवून ५० डॉलरपर्यंत दंड, पाच दिवसांत भरला नाही तर दंड भरणाऱ्याकडे कामाला जुंपायचं. हे कोड १८६६ च्या नागरी हक्क कायद्यानं (जॉन्सन यांचा नकाराधिकार ओलांडून, ९ एप्रिल) कागदावर मोडले. आर्थिक बाजू तशीच राहिली. त्यातून निघाली अर्धेली: जमीन मालकाची, पीक निम्मं, बियाणं आणि पीठ-मीठ दुकानदाराकडून पुढच्या कापसावर उधार. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, वही दुकानदाराकडे. वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या कुणालाही ही वही ओळखीची वाटेल.

माझं मत: मतापेक्षा हे आधी हरलं. उद्या ज्याच्याकडून पीठ उधार आणायचंय त्याच्याच माणसासमोर आज रंगीत चिठ्ठी पेटीत टाकायची.

दप्तरदार

१८७७ बद्दल थोडक्यात. सैन्य ‘दक्षिणेतून काढलं’ हे सैल विधान आहे. हेज अध्यक्ष झाले (१८५ विरुद्ध १८४ निर्वाचक मतं) आणि एप्रिलमध्ये कोलंबिया (साउथ कॅरोलिनाची राजधानी) व न्यू ऑर्लिन्स इथल्या राज्यगृहांजवळचे शिपाई बराकीत परत गेले, एवढंच. बाकी राज्यं त्याआधीच हातची गेली होती. मिसिसिपीत १८७५ मध्ये गव्हर्नर एम्स यांनी सैन्य मागितलं, अध्यक्ष ग्रँट यांच्या सरकारनं दिलं नाही. याझू काउंटीत, जिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य, रिपब्लिकनांना सात मतं पडली. सातशे नव्हे, सात. उलट नॉर्थ कॅरोलिनातून जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ पर्यंत प्रतिनिधिगृहात होते. १८९० मध्ये लॉज यांचं निवडणूक देखरेख विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडलं. माझ्या लेखी खरा शेवट तिथे.

काळीमाती यांच्या ‘आधी हरलं’शी मात्र सहमत नाही. साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं ते जमीन नसतानाच.

जुनी_पेठ

कलमकसाई यांच्या तारखांवरून: जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली ती जून १८७३ ची. म्हणजे कोलफॅक्स आणि स्लॉटरहाउस नंतर दोन महिन्यांनी. यावरून ‘फुल्यांना कल्पना नव्हती’ असं म्हणणारे भेटतात. तेव्हा अमेरिकेतही फार थोड्यांना होती. वर्षापूर्वीच्याच निवडणुकीत ग्रँट दणदणीत निवडून आले होते.

कल्पना पुरती होती ती बाबासाहेबांना. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मधली काही कलमं १८६६ आणि १८७५ च्या अमेरिकी नागरी हक्क कायद्यांवरून घेतल्याची नोंद त्यांनी तिथेच केली आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम १७ वाचा: अस्पृश्यता नष्ट केली आहे. नुसतं ‘राज्यसंस्था अस्पृश्यता पाळणार नाही’ असं नाही. आणि १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव नावानिशी. १८८३ चा ‘खाजगी मालक’ हा युक्तिवाद इथे उभाच राहत नाही.

पारंबी

सगळ्यांना धन्यवाद, गाठ बरीच सुटली. शेवटचं: पोल टॅक्स गेला कधी?

अडकित्ता

दोन हप्त्यांत. २४ वी दुरुस्ती, जानेवारी १९६४: फक्त अध्यक्ष आणि काँग्रेसच्या निवडणुकांपुरता. राज्यांच्या निवडणुकांतला १९६६ मध्ये व्हर्जिनियाच्या हार्पर खटल्यात गेला. आणि तोही पंधराव्या दुरुस्तीवर नाही, चौदाव्यातल्या समान संरक्षणावर.